दृष्टीआड कचरा

जून लागण्याच्या आधी डोंबिवलीतील जुन्या इमारतींवर निळ्या ताडपत्र्या चढतात. आमच्या इमारतीची गच्ची तर गेली वीस वर्षे गळते आहे. तिच्या दुरुस्तीचा विषय सोसायटीच्या वार्षिक सभेत दरवर्षी निघतो, दरवर्षी तो एकमताने पुढच्या वर्षावर ढकलला जातो आणि दरवर्षी एक नवी ताडपत्री येते. चार वर्षांपूर्वी आणलेली ताडपत्री पावसाळा सरल्यावर उतरवायची राहून गेली. ते काम माझ्याकडे होते, कारण त्या वर्षी सचिवपद माझ्या गळ्यात पडले होते. दिवाळी झाली, नाताळ झाला, उपवासकाळही सरला. एप्रिलच्या अखेरीस एके सकाळी मी गच्चीवर गेलो आणि ताडपत्रीचे टोक धरून ओढले, तेव्हा ते टोक माझ्या मुठीत चुरा होऊन राहिले. वाळलेल्या पानाचा व्हावा तसा तो चुरा होता, फक्त रंग निळा.

मी खराटा घेऊन झाडू लागलो. खराट्याच्या प्रत्येक फटकाऱ्यासरशी एका तुकड्याचे दहा तुकडे होत आणि खाडीकडून येणारा वारा त्यांतले पाच उचलून नेई. दुपारपर्यंत अर्धी बादली भरली. ताडपत्रीचा उरलेला भाग, आणि तोच मोठा होता, पन्हळीवाटे नि वाऱ्यावाटे केव्हाच निघून गेला होता. तो कोठे गेला असेल हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. आमच्या गल्लीतले गटार नाल्याला मिळते, नाला उल्हासच्या खाडीला आणि खाडी समुद्राला.

त्याच संध्याकाळी ठाण्याहून माझा भाचा आला. तो तेव्हा अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होता. मी त्याला बादली दाखवली. वाटले होते, तो हळहळेल. पण त्याचे डोळे चमकले. तो म्हणाला, “मामा, हे तर उत्तमच झालं. उन्हाने दहा महिन्यांत जे केलं ते गॅमा किरण काही तासांत करून देतील. मग टाकून द्यायच्या प्रत्येक प्लॅस्टिकला आधीच किरणांचा एक डोस का देऊ नये? पिशवी शेकडो वर्षं उकिरड्यावर पडून राहण्याऐवजी वर्षा-दोन वर्षांत मातीत मिसळून जाईल.”

मी तीस वर्षे शाळेत रसायनशास्त्र शिकवले. विद्यार्थ्याने विचारलेला चांगला प्रश्न मला लगेच ओळखू येतो. हा प्रश्न चांगला होता, आणि माझे पहिले उत्तर त्याला अनुकूलच होते. नंतर मात्र तो प्रश्न मनात कुसळासारखा रुतून बसला. त्यात रसायनशास्त्र आहे तितकाच नीतीचाही भाग आहे, हे ध्यानात यायला मला बरेच दिवस लागले.

आधी त्यातले शास्त्र थोडक्यात सांगतो. प्लॅस्टिक म्हणजे कार्बनच्या अणूंची अतिशय लांब साखळी. पिशवीत, ताडपत्रीत, बादलीत अशा असंख्य साखळ्या एकमेकींत गुंतलेल्या असतात आणि त्या गुंत्यामुळेच त्या वस्तूला चिवटपणा येतो. उन्हातील अतिनील किरण या साखळीवर आघात करतात, जागोजागी ती दुखावते, हवेतला ऑक्सिजन त्या जखमेत शिरतो आणि साखळी तुटते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत या प्रकाशाने होणाऱ्या ऱ्हासाचा वर्षानुवर्षे अभ्यास झालेला आहे. गॅमा किरण हेच काम अधिक जोमाने करतात. ऊन पृष्ठभागावरच थबकते. गॅमा किरण वस्तूच्या आरपार जातात. त्यांची मात्रा ‘ग्रे’ या एककात मोजतात. इंजेक्शनच्या सुया-सिरिंजा निर्जंतुक करण्यासाठी साधारण २५ किलोग्रे मात्रा देतात. एवढ्या मात्रेतून एक किलो पाण्याला जी ऊर्जा मिळते तिने त्याचे तापमान जेमतेम सहा अंशांनी वाढेल. आंघोळीचे पाणी कोमटसुद्धा व्हायचे नाही. पण तीच ऊर्जा नेमकी साखळीच्या सांध्यावर पडत असल्यामुळे जंतू मरतात आणि काही प्लॅस्टिके ठिसूळ होतात.

किरणोत्सर्ग हा शब्द ऐकताच आपल्याकडे अंगावर काटा येतो, म्हणून एक खुलासा करणे अवश्य आहे. कोबाल्ट-६०च्या गॅमा किरणांखाली ठेवलेली वस्तू स्वतः किरणोत्सारी होत नाही, जशी दिव्याखाली ठेवलेली वाटी स्वतः दिवा होत नाही. ट्रॉम्बे येथे १९७४ सालापासून आयसोमेड या केंद्रात वैद्यकीय साहित्यावर अशी प्रक्रिया सुरू झाली. आपल्यापैकी अनेकांना रुग्णालयात जी सुई टोचली गेली ती याच मार्गाने आलेली असण्याचा संभव आहे. लासलगावच्या केंद्रात कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून किरण देतात आणि २००७ साली अमेरिकेला गेलेला हापूस आंबाही तेथूनच किरण घेऊन गेला. तेव्हा भाच्याच्या कल्पनेत भुताटकीचे काही नाही. तिच्यावर आक्षेप घ्यायचा तर तो भीतीपोटी घेता येणार नाही.

पहिली अडचण वेगळीच निघाली, आणि ती थोडी गमतीची आहे. सगळी प्लॅस्टिके किरणांना सारखी दाद देत नाहीत. टेफ्लॉनची लगेच भुकटी होते. सिरिंजचे पॉलिप्रॉपिलीन ठिसूळ होते, तेही एकदम नव्हे; किरण बंद झाल्यानंतर महिनोन्महिने, कपाटात पडल्या पडल्या. सिरिंज बनवणाऱ्यांना या ठिसूळपणाने चांगलेच हैराण केले आणि किरण सोसू शकेल असे खास पॉलिप्रॉपिलीन तयार करावे लागले. याउलट बाजारातली पातळ पिशवी ज्याची असते त्या पॉलिएथिलीनला किरण दिले, तर तुटलेल्या साखळ्या पुष्कळदा शेजारच्या साखळीशी जोडल्या जातात आणि पदार्थ पूर्वीपेक्षा बळकट होतो. विजेच्या तारांवरचे आवरण उष्णतेत टिकावे म्हणून कारखान्यांत मुद्दाम हाच उपाय योजतात. पातळ पापुद्रा असेल, हवा भरपूर असेल आणि मात्रा संथपणे दिली असेल, तर ऑक्सिजनचा वरचष्मा होऊन तेही ठिसूळ होते, हे खरे. परंतु बेताने न वागल्यास पिशवी मारायला निघालेला माणूस तिला अमरपट्टा देऊन बसायचा!

दुसरी अडचण जागेची. कोबाल्टचा स्रोत आधारवाडीच्या कचऱ्याच्या डोंगरावर नेऊन उघडा ठेवता येत नाही. त्याच्याभोवती दीड-दोन मीटर जाडीच्या काँक्रीटच्या भिंती लागतात, काम नसताना तो पाण्याच्या खोल कुंडात किंवा जड कवचात झाकून ठेवावा लागतो, आणि त्याची शक्ती सव्वापाच वर्षांत निम्मी होत असल्यामुळे नवा कोबाल्ट भरत राहावे लागते. म्हणजे कचरा त्याच्याकडे न्यायला हवा. आता पाहा: गटारातली, खाडीतली, तिवरांच्या मुळांत अडकलेली पिशवी जर कोणी वेचून, धुऊन, वाळवून त्या केंद्रापर्यंत नेली, तर कठीण काम संपलेच. इतक्या कष्टाने गोळा केलेली वस्तू किरण देऊन पुन्हा उघड्यावर टाकायची, यात कोणते शहाणपण? उलट बाजारात येण्यापूर्वीच पिशवीला किरण द्यायचे ठरवले, तर सिरिंजेची गोष्ट पुन्हा घडेल. दुकानातल्या फळीवरच तिचे वय होईल, आणि दोन किलो तांदूळ जिन्यावर सांडल्यावर गृहिणी त्या संशोधकाला जे बोलेल ते या अंकात छापता येणार नाही.

एवढ्यावर मी भाच्याला गप्प करू शकलो असतो. पण अडचणी दाखवून प्रश्न सुटत नाही. विज्ञान अडचणींवर मात करते, तेच त्याचे काम आहे. उद्या एखाद्याने असे प्लॅस्टिक तयार केले की जे वर्षभर धडधाकट राहील आणि त्यानंतर नेमके उन्हात चुरा होईल, तर आपण ते स्वीकारावे काय? हा खरा प्रश्न. आणि तो केवळ कल्पनेतला नाही. लोह, मँगनीज किंवा कोबाल्ट यांचे क्षार मिसळून (हा कोबाल्ट किरणोत्सारी नव्हे, साधा) उन्हाने व उष्णतेने लवकर फुटणाऱ्या पिशव्या जगभर विकल्या गेल्या. त्यांवर पानाफुलांची चित्रे छापलेली असत. युरोपीय संघाने २०१९ साली कायदा करून अशा प्लॅस्टिकावर बंदी घातली आणि २०२१ पासून ती अमलात आली. त्यांचा आक्षेप मुख्यतः हाच होता की, त्या पिशव्या फुटतात हे नक्की, पण संपतात याची खात्री देता येत नाही.

फुटणे आणि संपणे यांतला फरक आपल्या घरातल्या दुधाच्या पिशवीवरून चांगला कळतो. दुधाची पिशवी जाड असते. ती धुऊन वाळत घातली, की रद्दीवाला चार पैसे देऊन घेऊन जातो आणि तिचा पुढे काहीतरी उपयोग होतो. पण पिशवी उघडताना आपण कात्रीने जो कोपरा कापतो, त्या नखाएवढ्या त्रिकोणाचे काय होते? तो कोणी धूत नाही, वाळत घालत नाही, विकत घेत नाही. मोरीतून तो जातो. पिशवी आणि कोपरा एकाच पदार्थाचे. पण एकीला घरी परतायची वाट आहे, दुसऱ्याला नाही. म्हणूनच कोपरा पूर्ण न कापता पिशवीला लटकता ठेवावा, असे आवाहन केले जाते. भाच्याची योजना म्हणजे सबंध पिशवीचे कोपरेच कोपरे करून टाकणे.

तो मात्र हार मानणारा नव्हता, आणि त्याच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. २६ जुलै २००५ आपण कोणी विसरलेलो नाही. उल्हास आणि वालधुनी यांचे पाणी कल्याणात घराघरांत शिरले, आणि पाणी ओसरल्यावर गटारांच्या तोंडांशी, पुलांच्या कठड्यांना, कुंपणांच्या तारांना अडकलेल्या पिशव्या सर्वांनी पाहिल्या. पुढच्याच वर्षी राज्य शासनाने ५० मायक्रॉनहून पातळ पिशव्यांवर निर्बंध आणले, ते याच अनुभवातून. उकिरड्यावर चरणाऱ्या गाईच्या पोटातून शस्त्रक्रिया करून किलोंच्या हिशेबाने प्लॅस्टिक काढल्याच्या बातम्या आपण वाचतो. अखंड पिशवी नाला तुंबवते, गाईचा कोठा बुजवते. चुरा झालेली पिशवी यांपैकी काही करीत नाही. आणखी एक मुद्दा त्याने काढला. साखळी तुटून तिला ऑक्सिजन चिकटला, की मातीतले सूक्ष्मजीव तिच्याकडे अन्न म्हणून थोडे अधिक वळतात. अखंड साखळीला ते तोंडही लावत नाहीत. हे खरे आहे. वाद आहे तो पुढचा. तेवढे जेवण पुरे व्हायला किती काळ लागेल, आणि तोवर ते कण कोठे असतील?

या मधल्या काळाची गोष्ट अलीकडेच उलगडू लागली आहे. इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठाचे रिचर्ड थॉम्पसन आणि त्यांचे सहकारी यांनी २००४ साली समुद्रतळाच्या गाळातील प्लॅस्टिकच्या सूक्ष्म कणांकडे जगाचे लक्ष वेधले आणि ‘मायक्रोप्लॅस्टिक’ हा शब्द रूढ झाला. पुढे २०२१ साली इटलीतील संशोधकांनी मातेच्या वारेत, तर २०२२ साली नेदरलँड्समधील संशोधकांनी मानवी रक्तात असे कण आढळल्याचे प्रसिद्ध केले. त्यांचा शरीरावर नेमका काय परिणाम होतो याचा अभ्यास अजून चालू आहे, आणि अर्धवट माहितीवर घबराट पसरवणे हेही एक प्रकारचे असत्यच होय. पण वार म्हणजे काय हे ज्या घरात मूल जन्मले आहे त्या घराला समजावून सांगावे लागत नाही.

माझ्या मनात प्रश्न उभा राहिला तो असा: आज डोळ्यांसमोर असलेले, मोजता येणारे आणि उचलता येणारे संकट आपण उद्याच्या न दिसणाऱ्या, न मोजता येणाऱ्या आणि परत न घेता येणाऱ्या संकटात बदलावे काय? आपल्या धर्मपरंपरेत अशा पेचांवर विचार झालेला आहे. एकाच कृतीतून चांगला आणि वाईट असे दोन परिणाम निघत असतील तर काय करावे, याचे विवेचन संत थॉमस अक्वायनस यांच्या स्वसंरक्षणाविषयीच्या लेखनापासून चालत आले आहे. चांगला परिणाम हाच हेतू असावा, तो वाईटाच्या द्वारे साधलेला नसावा, आणि वाईटाच्या मानाने चांगले पुरेसे मोठे असावे, असे साधारण त्याचे सूत्र. मी ते या प्रश्नाला लावून पाहिले. हेतू चांगला आहे. गाय वाचावी, नाला वाहावा. वाईट परिणाम कोणालाच नको आहे. पण गाय वाचते ती पिशवीचा चुरा होतो म्हणून, आणि धोका उत्पन्न होतो तोही पिशवीचा चुरा होतो म्हणून. दोन्ही फळे एकाच देठाला. तरीही ‘चुरा करणे’ हे कृत्य स्वतःच पाप आहे असे कसे म्हणावे? पीठ दळणे हाही चुराच. सूत्राने मला निर्णय दिला नाही, हे प्रांजळपणे सांगतो. त्याने फक्त तराजू हातात दिला.

तराजूच्या एका पारड्यात मला एक वजन सापडले ते असे. चूक दोन प्रकारची असते, जिची भरपाई करता येते ती आणि जिची येत नाही ती. चोरलेले पैसे परत करता येतात. गावभर पसरवलेली निंदा परत गोळा करता येत नाही. ती ज्याच्या कानी गेली त्याच्याकडून पुढे कोणाच्या कानी गेली हे निंदकालाही ठाऊक नसते. म्हणून तर प्रायश्चित्त संस्काराच्या शिकवणीत आपल्याला केवळ पश्चात्तापावर थांबू देत नाहीत, झालेल्या हानीची भरपाईही करायला सांगतात. उकिरड्यावरची अखंड पिशवी ही अजून भरपाई शक्य असलेली चूक आहे. वाकून ती उचलता येते. चुरा झाल्यावर ती निंदेच्या जातीची होते.

दुसरे वजन अधिक अस्वस्थ करणारे आहे. ‘दृष्टीआड सृष्टी’ असे आपण म्हणतो. पण कोणाच्या दृष्टीआड? आधारवाडीचा डोंगर कल्याणच्या खाडीकाठी दशकानुदशके वाढत होता. माझ्यासारख्या डोंबिवलीकराच्या तो दृष्टीआड होता. रोज सकाळी दाराबाहेर ठेवलेला डबा रिकामा झाला की माझ्यापुरता विषय संपे. पण तेथून जवळ राहणाऱ्यांच्या तो नाकासमोर, खिडकीसमोर आणि फुप्फुसांत होता. २०१८च्या मार्चमध्ये त्याला लागलेली आग कित्येक दिवस धुमसत राहिली. कचऱ्याच्या व्यवस्थेअभावी मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ साली कल्याण-डोंबिवलीत नव्या बांधकामांना मनाई केली, तेव्हा कोठे आमच्या चकाचक सदनिकांना त्या डोंगराशी आपले नाते असल्याचे कळले. अखेर २०२१ साली तेथे कचरा टाकणे बंद झाले. ठाण्याच्या दिव्यातील कचराभूमीही २०२३ साली बंद झाली. डोंगर कुरूप होता, जीवघेणा होता. पण तो दिसत होता, म्हणून न्यायालयाला दिसला. हाच कचरा अदृश्य होऊन खाडीत उतरला असता, तर याचिका कोणी आणि कशाविरुद्ध केली असती? डोंगर असायला हवा होता असे माझे म्हणणे नाही. पण साक्षीदाराला नाहीसे करणे आणि गुन्ह्याचे परिमार्जन करणे यांत जो फरक आहे, तो येथे आहे.

आणि त्या डोंगरावर माणसे होती. पाठीवर गोणी घेऊन फिरणाऱ्या बाया होत्या. त्यांना कोणी नेमलेले नव्हते, तरी या जिल्ह्यातील प्लॅस्टिक कोणी पुन्हा कामाला लावले असेल तर ते त्यांच्या हातांनी. त्यांचे सारे अर्थशास्त्र वस्तू अखंड असण्यावर उभे आहे. बाटली, डबा, दुधाची पिशवी, खुर्चीचा पाय. हाताला लागेल, ओळखता येईल, निवडता येईल अशी वस्तू. सुशिक्षितांनी शोधून काढलेला उपाय सर्वांत आधी कोणाच्या गोणीला भोक पाडतो, हे पाहण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात वस्तू नि माणसे सारखीच टाकून देणाऱ्या संस्कृतीबद्दल लिहिले, तेव्हा आपल्या धर्मग्रामांत त्यावर चर्चासत्रे झाली. चहा थर्मोकोलच्या पेल्यांतून दिला गेला होता, हे एका चर्चासत्रापुरते मी छातीठोकपणे सांगू शकतो, कारण पेले आणण्याचे काम माझ्याकडेच होते. मला मात्र या विषयात वारंवार आठवते ते पाच हजारांच्या जेवणानंतरचे दृश्य. पाच जवाच्या भाकरी पुरल्या, हा चमत्कार आपण प्रवचनांतून ऐकतो. पण संत योहानच्या शुभवर्तमानात पुढे आहे ते थोडे दुर्लक्षित राहते. लोक तृप्त झाल्यावर, काही वाया जाऊ नये म्हणून, उरलेले तुकडे गोळा करायला प्रभूने शिष्यांना सांगितले, आणि बारा टोपल्या भरल्या. ज्याला हवी तेवढी भाकर निर्माण करता येत होती त्याला तुकड्यांची काय वाण? तरी शिष्यांना गवतात वाकावे लागले. मी गच्चीवर खराटा घेऊन वाकलो होतो तेव्हा मला ती टोपली आठवली, आणि भाकरीचा तुकडा वेचता येतो इतका मोठा असतो, ही त्यातली साधी गोष्ट प्रथमच लक्षात आली.

भाच्याशी माझे हे बोलणे एका बैठकीत झाले नाही. तो दर महिन्या-दोन महिन्यांनी येई आणि आम्ही सोडलेला धागा पुन्हा धरीत असू. एकदा त्याने मला निरुत्तर केले. म्हणाला, “मामा, जे उचलता येईल ते उचलू, मान्य. पण खाडीच्या चिखलात जे आधीच रुतलंय ते कोण उचलणार? तिथे ते आज ना उद्या फुटणारच आहे. मग निदान ते लवकर आणि पुरतं संपावं, असा शोध करणं पाप कसं?” मी म्हटले, पाप नाही. असा शोध लागावा म्हणून मी प्रार्थनाही करीन. पण तो ज्याला लागेल त्याने आधी दाखवून द्यावे की शेवटी उरले ते पाणी आणि कार्बन डायऑक्साइड. नुसता डोळ्यांना न दिसणारा चुरा पुरावा म्हणून चालणार नाही.

त्याने उत्तरादाखल हसून मान डोलावली, आणि मग तो मला एक वेगळीच गोष्ट सांगू लागला. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने २०२० नंतर ‘न्यूटेक प्लॅस्टिक्स’ नावाचा कार्यक्रम हाती घेतला आहे. त्यात किरणांचा वापर कचरा उघड्यावर विरवण्यासाठी नाही. गोळा केलेल्या प्लॅस्टिकावर बंद जागेत किरण सोडून त्यापासून पुन्हा उपयोगी वस्तू किंवा कच्चा माल करता येईल का, हे त्यात पाहतात. म्हणजे तेच किरण, तीच तुटणारी साखळी; पण तुकडे भिंतींच्या आत राहतात, त्यांचा हिशेब राहतो. प्लॅस्टिक तापवून त्याचे इंधन करण्याचे जे प्रयोग आपल्याकडे झाले आहेत, त्यांतही साखळी तुटतेच, पण बंद भांड्यात. मला वाटते, त्या दिवशी आम्हा दोघांचे एकमत झाले ते या भिंतीवर. किरणांना दोष देण्याचे कारण नव्हते. दोष होता तो ‘उघड्यावर’ या शब्दात. जे आपण आपल्या हातांनी तोडतो त्याचे तुकडे आपल्या हाती राहिले पाहिजेत, एवढी अट त्याने मान्य केली. मी त्याचे किरण मान्य केले.

येथे वाचकांनी मला विचारायला हवे की, मग प्लॅस्टिकच नको असे सरळ का म्हणत नाही? मी तसे म्हणू शकत नाही. आपल्या जिल्ह्याचे या पदार्थाशी नाते जुने आहे. १९६०च्या दशकाच्या अखेरीस ठाणे-बेलापूर रस्त्यावर नोसिलचा प्रकल्प उभा राहिला आणि त्या परिसरातच पॉलिओलेफिन्स इंडस्ट्रीजमध्ये पॉलिएथिलीन बनू लागले. त्या पट्ट्यातल्या पगारांवर आमच्या नात्यातील दोन घरे उभी राहिली. मुले शिकली, मुलींची लग्ने झाली. पत्र्याची जड घागर जाऊन प्लॅस्टिकची हलकी घागर आली, तेव्हा विहिरीवर जाणाऱ्या माझ्या आईची कंबर वाचली. २३ मार्च २०१८ रोजी राज्याने प्लॅस्टिकबंदी जाहीर केली आणि १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या कित्येक वस्तूंवर बंदी आली. ते योग्यच झाले. पण मासळीबाजारात ओल्या बोंबलांना आजही काळी पिशवी लागते, आणि ती मागणारे हात आपलेच असतात. मीही कापडी पिशवी विसरतो. विसरल्याची लाज वाटते, पण मासळी घेतल्यावाचून परत येत नाही.

त्या अर्ध्या बादलीचे काय झाले, ते सांगायचे राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी घंटागाडी आली तेव्हा मी ती घेऊन खाली उतरलो. गाडीवरच्या बाईंनी विचारले, “काका, ओलं की सुकं?” मी म्हटले, सुकं. त्यांनी बादलीत हात घालून मूठभर निळा चुरा वर काढला, बोटांतून तो खाली गळू दिला आणि म्हणाल्या, “ह्यातलं निवडायचं काय?” मला उत्तर सुचले नाही. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग गाडीच्या कडेला अडकवलेली एक धड पिशवी काढून मला तिचे तोंड धरायला लावले, बादली तिच्यात सावकाश ओतली, तळाशी चिकटलेले कण पदराच्या टोकाने पुसून आत टाकले आणि पिशवीला दोन गाठी मारल्या.